पंधरा दिवसांची नोटीस

गेटवे ऑफ इंडियावरून लाँच पकडली की तासाभरात घारापुरी बेट येतं. १९८७ पासून इथली लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बेटावर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशा तीन वस्त्या आहेत. रात्री समोर मुंबईचा झगमगाट आणि न्हावा-शेव्याच्या बंदराचे दिवे, आणि घरात संध्याकाळचे जेमतेम काही तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरचा उजेड, अशा अवस्थेत या वस्त्यांनी स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षं काढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटाला नेहमीची वीज मिळाली. भाषणं झाली, टाळ्याही झाल्या.

त्या सत्तर वर्षांत घारापुरीकरांचा नेमका कोणता हक्क डावलला गेला होता, असं कुणी विचारलं तर कायद्याच्या पुस्तकातून चटकन उत्तर निघत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात अन्न आहे, वस्त्र आहे, निवारा आहे, औषधोपचार आहेत. वीज नाही. वीज पहिल्यांदा स्पष्टपणे येते ती १९७९ च्या, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, चौदाव्या कलमात. ग्रामीण स्त्रियांना घर, स्वच्छता, वीज, पाणीपुरवठा, वाहतूक आणि दळणवळण या बाबतीत नीट जगता येईल अशी परिस्थिती मिळण्याचा हक्क आहे, असं ते कलम सांगतं. भारताने हा करार १९९३ साली मान्य केला. विजेची पहिली नोंद पुरुषांच्या नव्हे, शहरांच्या नव्हे, तर खेड्यातल्या बायकांच्या खात्यावर व्हावी हे मला अगदी योग्य वाटतं. घरात वीज नसली की तिची जागा कुणाच्या तरी अंगमेहनतीने भरून काढावी लागते. ते अंग कुणाचं, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

पुढे १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने पुरेशा निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ लावताना स्वयंपाक, ऊब आणि उजेड यांसाठीची ऊर्जा त्यात धरली. जुलै २०१० मध्ये आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. विजेबद्दल असा ठराव झालेला नाही. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं सातवं उद्दिष्ट २०३० पर्यंत सर्वांना परवडणारी आणि भरवशाची ऊर्जा देण्याचं आहे खरं, पण ते उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट हुकलं तर अहवाल लिहिला जातो. हक्क मोडला तर माणसाला दाद मागता येते. जगात अजून ६५ कोटींहून अधिक लोक विजेविना आहेत, त्यातले बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. त्यांच्या वाट्याला सध्या तरी अहवालच आहेत.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी होऊ शकली असती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज आणि सार्वजनिक बांधकामविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायला उद्योगीकरण हवं, आणि त्याला स्वस्त व मुबलक वीज हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे ज्यांनी पुढे घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद भूषवलं, त्यांनी विजेचं खातं स्वतः सांभाळलेलं होतं. तरी घटनेत वीज आली ती सातव्या अनुसूचीत, समवर्ती सूचीतली ३८ वी नोंद म्हणून. कायदे केंद्राने करायचे की राज्याने, एवढंच ती नोंद सांगते. नागरिकाला काय मिळायला हवं याबद्दल तिथे अक्षर नाही.

हक्काची ही पाटी कोरी राहिल्यामुळे 'वीज पोचली' म्हणजे काय, हे ठरवायला सरकार मोकळं राहिलं. ऑक्टोबर १९९७ पूर्वीची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. शिवारातल्या एका विहिरीवर मोटर चालली तरी गावठाणातल्या अंधाराची कागदोपत्री सुटका होई. १९९७ मध्ये वीज वस्तीत वापरली गेली पाहिजे अशी दुरुस्ती झाली. २००४ मध्ये व्याख्या आणखी आवळली: वस्तीत आणि दलित वस्तीतही ट्रान्सफॉर्मर व तारा हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा जागी वीज हवी, आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी हवी. दहा टक्के! शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजळलेलं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लायसांग हे गाव जोडलं गेलं आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं, ते याच मापाने. घरांचा हिशेब वेगळा होता, म्हणून तर त्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, घराघरासाठी 'सौभाग्य' योजना काढावी लागली होती. त्या योजनेने मोठं काम केलं यात शंका नाही. कोट्यवधी घरांत मीटर बसले. पण योजनेतून मिळालेली गोष्ट आणि हक्काने मिळालेली गोष्ट यातला फरक पहिलं थकीत बिल येईपर्यंत कळत नाही.

विजेच्या हक्काची आणखी एक बाजू आहे, ती उजेडाची नसून पाण्याखालची आहे. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या टाटांच्या धरणाविरुद्ध. जमीन मावळची, उजेड मुंबईचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं बिलगाव हे त्याच गोष्टीचं अलीकडचं, आणि माझ्या मते जास्त बोचरं, रूप आहे. गावाने केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, श्रमदान करून ओढ्यावर पंधरा किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. जानेवारी २००३ मध्ये पाडे उजळले. आशुतोष गोवारीकरांच्या 'स्वदेस'मध्ये शाहरुख खान गावकऱ्यांना घेऊन वीज तयार करतो, त्यामागे बिलगावची प्रेरणा होती. पडद्यावर दिवा लागला की टाळ्या पडतात. खऱ्या बिलगावचा प्रकल्प २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात गेला. त्या धरणाची वीजनिर्मिती क्षमता १४५० मेगावॅट, आणि त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. कागदावर तो वाटा बिलगावचाही आहे.

आता कायद्याकडे वळू. भारतात विजेचा हक्क कुठल्या भव्य घोषणेतून आलेला नाही. तो विद्युत अधिनियम, २००३ च्या काही रुक्ष कलमांत दडलेला आहे, आणि ती कलमं वाचण्यासारखी आहेत. कलम ४३ सांगतं की जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला की वितरण कंपनीने एका महिन्याच्या आत वीज द्यायची. नवी लाइन ओढावी लागणार असेल किंवा उपकेंद्र बांधावं लागणार असेल तर वीज नियामक आयोगाने ठरवलेली वेगळी मुदत. चुकारपणा केला तर कंपनीला दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी ही मुदत आणखी कमी केली. २०२४ च्या दुरुस्तीनंतर ती महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस, डोंगराळ भागात तीस दिवस अशी आहे. कोटेशन भरून महिनोन्महिने खांबाची वाट पाहणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. तरी नियम आहे, आणि त्याचा दाखला अर्जात देता येतो.

कलम ४३ ची खरी ताकद आहे ती भोगवटादाराच्या उल्लेखात. सातबारा कुणाच्या नावावर आहे, घरमालक ना-हरकत देतो की नाही, जागा गायरान आहे की सरकारी, याच्याशी विजेचा संबंध नाही. माणूस तिथे राहतो का, एवढंच पाहायचं. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलै इथे सरकारी पडीक जमिनीवर वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुटुंबांना याच कारणावरून वीज नाकारली जात होती. सप्टेंबर २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचा विचार असा होता: घरात वीज नसेल तर मूल शिक्षणात मागे पडतं, म्हणून पुढे नोकरीत मागे पडतं, आरोग्य आणि स्वच्छताही बिघडते, म्हणजे समान संधीच नाकारली जाते. तेव्हा वीज मिळणं हा मानवी हक्कच समजला पाहिजे. जमिनीच्या मालकीचा वाद त्याच्या जागी चालू राहील. वीज दिल्याने अतिक्रमण कायदेशीर ठरत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की वीज ही मूलभूत सुविधा आहे, आणि घरमालकाने ना-हरकत पत्र दिलं नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. भाडेकरूला बाहेर काढायचं तर न्यायालयात जावं लागतं, वर्षं लागतात, म्हणून आधी त्याची लाइट तोडायची, ही आपल्या शहरांतली जुनी आणि नीच युक्ती आहे. हा निकाल तिच्यावर नेमका बसतो.

मात्र न्यायालयांनी हक्काला मर्यादाही घातल्या आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मे २०२३ मध्ये केरळच्या वीज मंडळाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम ४३ चं कर्तव्य निरपवाद नाही. लिलावात जागा घेणाऱ्याकडून जुन्या मालकाची थकबाकी मागणारे नियम असतील तर ते वैध आहेत. कारखाना विकत घेणाऱ्या कंपनीपुरतं हे रास्तच आहे. पण दोन खोल्यांचं घर घेणाऱ्या कुटुंबालाही आधीच्या माणसाच्या बिलाचं ओझं आलं तर? महाराष्ट्राच्या २००५ च्या पुरवठा नियमावलीने इथे शहाणपण दाखवलं होतं. कायदेशीर वारस सोडून इतरांवर जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच जुनी बाकी टाकता येईल, अशी मर्यादा तिने घातली.

वीज देण्याच्या कलमापेक्षा ती तोडण्याचं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. योजना, उद्घाटनं, फिती हे सगळं जोडणीच्या वेळचं. तोडताना फोटो काढायला कुणी येत नाही. कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पुरवठा तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी बाकी सतत बिलात दाखवलेली नसेल तर तिच्यासाठी पुरवठा तोडण्याचा मार्ग बंद होतो, मग कंपनीने हवं तर दिवाणी दावा लावावा. लाइनमन शिडी घेऊन दारात उभा असताना हे तीन नियम माहीत असलेलं घर आणि माहीत नसलेलं घर यांच्यात फार मोठं अंतर पडतं.

नोटिशीचं महत्त्व दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने फार सुंदर उलगडून दाखवलं आहे. जोहान्सबर्गमध्ये एनरडेल मॅन्शन्स नावाची इमारत आहे. तिथले भाडेकरू विजेचे पैसे भाड्याबरोबर घरमालकाला नेमाने देत होते. घरमालक ते पुढे भरत नव्हता. बाकी सुमारे चार लाख रँडवर गेली. जुलै २००८ मध्ये महापालिकेच्या वीज कंपनीने इमारतीची वीज तोडली. करार घरमालकाशी, म्हणून भाडेकरूंना नोटीस नाही. त्यांना कळलं ते अंधार झाल्यावरच. उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं: तुमचा वीज कंपनीशी करारच नाही, मग तुमचा हक्क कसला?

ऑक्टोबर २००९ मध्ये घटना न्यायालयाने हा निकाल फिरवला. विशेष म्हणजे न्यायालयाने 'वीज हा मूलभूत हक्क आहे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेत घर आणि पाणी आहे, वीज नाही. न्यायाधीशांनी वेगळा रस्ता काढला. स्थानिक संस्थेवर नागरिकांना मूलभूत सेवा देण्याचं घटनात्मक कर्तव्य आहे, म्हणजेच तिथल्या माणसाला ती सेवा मिळण्याचा सार्वजनिक कायद्याखालचा हक्क आहे, मग करार कुणाच्याही नावावर असो. असा हक्क काढून घेण्यापूर्वी त्या माणसाला आधी सांगायला हवं. चौदा दिवसांची नोटीस, इमारतीत ठळक जागी लावलेली. तेवढ्या वेळात भाडेकरू कंपनीशी बोलू शकतील, हप्ते मागू शकतील, घरमालकाला जाब विचारू शकतील. त्याच देशाने २००३ पासून गरीब कुटुंबांना महिन्याला ५० युनिट वीज मोफत देण्याचं धोरण स्वीकारलं होतं. तरी मोफत युनिटांपेक्षा हा चौदा दिवसांचा निकाल मला मोठा वाटतो. भाडेकरूला त्याने वीज कंपनीच्या दृष्टीने अस्तित्व दिलं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलटं घडलेलं आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दिवसाचे कित्येक तास भारनियमन भोगलं. ते वाटून देण्यासाठी वीजगळती आणि वसुली पाहून भागांचे गट पाडले गेले, ए पासून जी पर्यंत. २०१२ च्या अखेरीला राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं सांगितलं गेलं तेव्हाही सर्वांत जास्त गळतीचे गट त्यातून वगळलेले होते. कंपनीच्या हिशेबाने हे बरोबर असेल. जिथे आकडे टाकले जातात, बिलं भरली जात नाहीत, तिथे तोट्याची वीज किती द्यायची? पण त्याच फीडरवर दर महिन्याला रांगेत उभं राहून बिल भरणारी शिक्षिकाही राहते. तिने काय चोरलं होतं? तिला पंधरा दिवसांची नोटीस मिळाली नाही, सुनावणी नाही, कारण तिचा पुरवठा तोडलाच गेला नव्हता, फक्त रोज काही तास बंद ठेवला होता. शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा तिला मिळाली. कलम ५६ चं संरक्षण व्यक्तीला आहे. फीडरला केलेल्या शिक्षेपुढे ते हात टेकतं. चोरी रोखण्याचं काम कंपनीचं. ते जमत नाही म्हणून सगळ्या गावाला धरायचं, याला वसुली म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

शेतीपंपांचं दुखणं त्याच जातीचं आहे. तिथे प्रश्न किती वीज मिळते याहून ती कधी मिळते याचा आहे. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, पाळीपाळीने. आठवडा रात्रीचा आला की शेतकरी पाणी द्यायला काळोखात, चिखलात उतरतो, आणि साप-विंचवाची, बिबट्याची भीती घेऊन पहाटेपर्यंत बांधावर राहतो. युनिटांच्या हिशेबात रात्रीचे दहा तास दिवसाच्या आठांपेक्षा जास्तच भरतात. म्हणूनच 'दिवसा वीज द्या' ही मागणी युनिटांची नाही, जिवाची आहे. जागतिक बँकेने २०१५ मध्ये विजेच्या उपलब्धतेची पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तिच्यात दिवसाचे तास आणि संध्याकाळचे तास वेगळे मोजले जातात. पहिली पायरी दिवसात किमान चार तास आणि त्यातला एक तास संध्याकाळचा. वरची पायरी तेवीस तासांची. तार आली की नाही एवढंच विचारणाऱ्या व्याख्येपेक्षा हे माप कितीतरी प्रामाणिक आहे.

पुढचा पेच मीटरमध्येच आहे. २०२० चे केंद्रीय नियम नव्या जोडणीला स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटर असावा असं सांगतात. प्रीपेडचा फायदा आहे: कायद्याप्रमाणे अशा ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, आणि सरासरीच्या नावाखाली येणारं अवाच्या सवा बिलही टळतं. पण पैसे संपले की वीज आपोआप जाते. थकबाकी नावाची गोष्टच उरत नाही, म्हणून कलम ५६ मधली थकबाकीची नोटीसही लंगडी पडते. शिडी घेऊन येणाऱ्या लाइनमनला निदान थांबवता येत होतं, घरात म्हातारं माणूस ऑक्सिजनवर आहे हे दाखवता येत होतं. ब्रिटनने हा अनुभव घेतला आहे. बिल थकलेल्यांच्या घरी जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवल्याचं उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते काम थांबवावं लागलं. मग एप्रिलमध्ये नियामकाने आचारसंहिता आणली: आधी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न, घरी जाऊन परिस्थितीची पाहणी, आणि आधाराला कुणी नसलेल्या ८५ वर्षांवरील वृद्धांकडे सक्तीने मीटर बसवायचा नाही.

महाराष्ट्रात विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं सरकारने जाहीर केलं. सध्या घरोघरी बसत असलेले मीटर स्मार्टच आहेत, बिल मात्र महिन्याच्या शेवटी येतं. वीज दुरून बंद करण्याची सोय या मीटरांच्या जातीतच आहे. ते बटण रात्री, सणासुदीला, परीक्षेच्या दिवसांत, किंवा घरात श्वासयंत्रावर रुग्ण असताना दाबता येईल का, हे वीज नियामक आयोगापुढच्या जनसुनावणीत विचारायचे प्रश्न आहेत. वीजदराच्या प्रस्तावांवर आयोगाकडे कुणालाही हरकती नोंदवता येतात. या सुनावण्यांत उद्योगांचे प्रतिनिधी आणि ग्राहक संघटना असतात. ज्यांचं बिल सर्वांत आधी थकतं ती माणसं तिथे क्वचितच दिसतात.